चौकटीतला तीन

"दिवसातला किती वेळ बसून किंवा पडून असता?" मी विचारलं.

"हितं काय बाई, दिसभर बसूनच," ते म्हणाले आणि उगाचच ओशाळल्यासारखं हसले.

मी चौकटीत तीन लिहिलं आणि पान उलटलं.

सोमवार होता, दुपारचे साडेतीन. चार वाजता उद्याच्या मीटिंगची यादी द्यायची होती आणि माझे अजून सहा फॉर्म कोरे होते. लहानू खेमनर, वय अठ्ठावन्न, माझ्यासमोर चाकांच्या खुर्चीत बसले होते. हाताला सलाईन, मांडीवर थुंकायला स्टीलचा डबा आणि खाली पाय ठेवायच्या पट्टीवर दोन अनवाणी पाय. टाचा भेगाळून दगडासारख्या झालेल्या. त्या टाचा मी पाहिल्या. म्हणजे डोळ्यांनी पाहिल्या. डोक्यात चाललं होतं की अजून जेवण झालेलं नाही आणि कुणाच्या तरी स्कॅनची एक फिल्म सापडत नाहीये.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी तेव्हा कॅन्सरची सर्जरी शिकत होते, दुसऱ्या वर्षाला. तोंडाने फटकळ होते, आजही आहे. फरक एवढाच की तेव्हा माझा फटकळपणा वॉर्डातल्या मामा-मावशींपुढे आणि पेशंटच्या नातेवाइकांपुढे चालायचा. वरच्यांपुढे माझी दातखीळ बसायची.

खुर्चीमागे त्यांची बायको उभी होती, कौसाबाई. कपाळाला मोठं कुंकू, खांद्यावर पिशवी, आणि त्या पिशवीत फाईल अशी धरलेली की जणू कुणी हिसकावूनच घेणार आहे.

"बाई, उद्याच्या मीटिंगला आमाला बोलावत्यात का?"

"नाही मावशी. तिथं फक्त डॉक्टर असतात."

"मंग ह्येंचं तिथं सांगनार कोन?"

"मी सांगणार."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी एकोणतीसची होते, पण दिसायला कॉलेजातली पोर. "नीट सांगताल ना बाई? ह्ये पाटकरी हायेत. कालव्यावर. तिथं ह्येंचं कसं असतं..."

"लिहिलंय मावशी, पाटकरी लिहिलंय. बाकीचं नंतर सांगा हं. मला खूप काम आहे."

ती गप्प बसली. गरीब माणसं आमच्यासमोर फार पटकन गप्प बसतात, आणि आम्हाला ते बरंही वाटतं. खुर्ची ढकलत वॉर्डातले मामा त्यांना घेऊन गेले. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला किती वेळ सोडायचं हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं ऐकायला एक मिनिटही लागलं नसतं.

आमच्या हॉस्पिटलात दर मंगळवारी सकाळी आठला ही मीटिंग भरायची. सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, स्कॅन बघणारे, गाठीचा तुकडा तपासणारे, दुर्बिणीने पोटात उतरणारे, सगळे मिळून बारा जण एका लांब टेबलाभोवती. एकट्या डॉक्टरने एकट्याच्या मताने कुणाच्या आयुष्याचा निकाल लावू नये म्हणून ही पद्धत. पद्धत चांगलीच आहे, मी आजही भांडून सांगेन. सर्जनला जिथे तिथे कापावंसं वाटतं, तेव्हा शेजारी कुणीतरी ‘थांबा’ म्हणणारं लागतंच. फक्त पेशंट त्या खोलीत नसतो. त्याच्या जागी असतो एका पानाचा फॉर्म, आणि तो भरायचा आम्ही शिकाऊंनी.

त्या पानावर एक चौकट असते. माणूस किती धडधाकट आहे त्याचा आकडा. शून्य म्हणजे ठणठणीत. एक म्हणजे हिंडता-फिरता. दोन म्हणजे काम होत नाही, पण स्वतःचं स्वतः करतो. तीन म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत नाहीतर खाटेवर. चार म्हणजे अंथरुणाला खिळलेला. शून्य-एकला मोठे उपचार झेपतात. तीनला दिले तर रोगाच्या आधी उपचारच त्याला घेऊन जातात. म्हणून तो आकडा.

खेमनरांच्या अन्ननलिकेत, अगदी मधोमध, गाठ होती. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात, मग पेज. रविवारपासून पाण्याचा घोटही खाली उतरत नव्हता. स्वतःची थुंकी गिळता येईना म्हणून तो डबा.

मंगळवारी त्यांचा नंबर अकरावा लागला. सतरा केसेस, दीड तास. खोलीत अंधार, पडद्यावर स्कॅन, टेबलावर चहा आणि खारी. मी उभी राहून वाचलं, "लहानू खेमनर, अठ्ठावन्न, पुरुष. अन्ननलिका, मधला भाग. लांब कुठे पसरलेला नाही. कार्यक्षमता तीन."

"गाठ सहा सेंटिमीटर," स्कॅनवाले म्हणाले. "आजूबाजूला चिकटलेली दिसत नाही. लिव्हर, फुप्फुसं साफ."

आमचे बोर्डे सर खुर्चीत पुढे सरकले. ते माझ्या युनिटचे सर्जन. "मग घेऊ या की! आधी केमो आणि रेडिएशन, पाच आठवडे. मग मी काढतो."

"सर, तीन आहे," केमोवाले म्हणाले. "केमो झेपायची नाही."

"अरे हो. तीन." सर परत मागे टेकले.

तेवढ्यात देवस्थळी मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या रेडिएशनच्या प्रमुख. त्यांनी चष्मा वर केला की आम्ही शिकाऊ हातातले कागद चाळायला लागायचो. महिन्याभरापूर्वी एका पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट मी अंदाजाने सांगितला होता, तेव्हा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "काकडे, अंदाजाने भाव सांगायचा असेल तर मंडईत बस. इथे कशाला आलीस?" बारा जण हसले होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते आणि नंतर चिडून दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"अठ्ठावन्नचा माणूस," मॅडम म्हणाल्या, "कुठे पसरलेला नाही, हिमोग्लोबिन अकरा. तीन कसा काय गं? तू त्याला चालताना पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. खुर्चीत पाहिलं होतं. ‘नाही मॅडम, बघून सांगते’ असं म्हणायचं होतं. वॉर्ड दोन मजले वर होता. जाऊन यायला पाच मिनिटं लागली असती.

"हो, मॅडम," मी म्हणाले. "जमत नाही त्यांना."

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "मग जाळी."

जाळी म्हणजे बारीक तारांची नळी. दुर्बिणीतून गाठीच्या मधोमध बसवायची. ती उघडते, वाट मोकळी होते, माणूस पुन्हा खाऊ-पिऊ लागतो. गाठ मात्र तिथेच राहते आणि वाढत राहते. आणि एकदा जाळी बसली की मागाहून रेडिएशन आणि ऑपरेशनचा विचार करणं जवळपास संपतं. ज्याला वाचवायचं त्याला आम्ही आधी जाळी घालत नाही. ज्याचे उरलेले दिवस सोपे करायचे, त्याला घालतो.

"परवा, गुरुवारी जागा आहे माझ्याकडे," दुर्बीणवाले म्हणाले. कागद टेबलाभोवती फिरला, बारा सह्या झाल्या. चार मिनिटं लागली असतील. मी बारावी केस वाचायला लागले.

बुधवारी अकराच्या सुमारास लिफ्ट बंद पडली. नेहमीचंच. मी काखेत फायली घेऊन जिन्याने चढत होते आणि दुसऱ्या मजल्यापर्यंतच मला धाप लागली होती. पुढे एक माणूस चढत होता, एका हातात स्टीलचा पेला, त्यावर बशी झाकलेली. पायात कोऱ्या करकरीत निळ्या रबरी चपला. न थांबता, कठड्याला हात न लावता, गप्पा मारायला निघाल्यासारखा चढत होता. वळणावर त्याने मागे पाहिलं.

"दमल्या का बाई? आना त्या फायली हिकडं."

लहानू खेमनर. मनगटावर सलाईनच्या सुईची पट्टी तशीच.

"काका, तुम्ही? हे काय?"

"चा हाये. हिच्यासाठी." त्यांनी पेला जरा वर केला. "मला जात नाय म्हनून ही बी चार दिस झालं चा पीत नाय. चाबिगर तिचं डोकं उठतं बगा. म्हनलं आपनच खाली जाऊन घेऊन यावा. हातात दिल्यावर मंग नाय म्हनायची नाय."

"तुम्हाला चालता येतं?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "न यायला काय झालंय? रोज सोळा किलोमीटर चालतो, बाई. आठ जायाचं, आठ यायचं, कालव्याच्या कडंकडंनं. पान्याच्या दारांची कुलपं बगायची, कुनी चोरून पानी घेतलं का बगायचं. मागच्या म्हयन्यापत्तोर चाललोय. मंग साहेबाचा निरोप आला, लहानू, आता रजा घे. म्हनून घेतली."

"मग त्या दिवशी खुर्चीत का होता?"

"चपला नव्हत्या ना!" ते हसले. "शनवारी स्कॅनच्या खोलीभायेर काढल्या, आत जाऊन येस्तोवर गायब. आन त्या अल्हाट सिस्टर लई कडक. म्हनल्या, अनवानी खाली पाय ठिवायचा नाय, सुई बिई टोचंल. हलायचं तर खुर्चीतून. चार दिस पार अवघडून गेलो बगा. काल संध्याकाळी हिनं रस्त्यावरनं ह्या आनल्या."

मी तिथेच पायरीवर बसले. त्यांनी बशी झाकलेला पेला कठड्यावर ठेवला आणि खरोखरच माझ्या फायली उचलल्या.

"बाई, पानी आनू का?"

ज्याला चार दिवस पाणी गिळता आलं नव्हतं, तो माणूस मला पाणी आणू का विचारत होता.

बोर्डे सर दोन ऑपरेशनांच्या मधे चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. चपलांचंसुद्धा. मला वाटलं ते माझ्यावर फायली फेकतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे एक आहे तो. तीन नाही."

"हो सर."

"मग उद्याची जाळी थांबव. नाकातून बारीक नळी घालू, आठवडाभर दूध-पाणी त्यातून जाईल. पुढच्या मंगळवारी केस परत लाव. आणि आजच्या आज देवस्थळी मॅडमना जाऊन सांग."

"सर, तुम्ही सांगाल का?"

"त्यांनी मला विचारलं होतं का?"

"त्या ओरडतील, सर."

"ओरडतील," सर म्हणाले. "मग?"

मी मॅडमच्या खोलीपाशी गेले. दार अर्धं उघडं होतं आणि आत त्या कुणाला तरी झाडत होत्या, "न बघता लिहिता कसं तुम्ही लोक?" माझ्याबद्दल नव्हतं ते, दुसऱ्याच कुणाबद्दल होतं. पण माझे पाय तिथूनच मागे वळले. म्हटलं, चारला येऊ. चारला म्हटलं, आधी पेशंटशी बोलून तर बघू. आपल्या भित्रेपणाला आपण किती छान छान कामं शोधून देतो!

वॉर्डात दोघं खिडकीपाशी बसली होती. पेला रिकामा होता. म्हणजे तिने प्यायला होता.

"काका, उद्याची जाळी समजा आठवडाभर पुढे ढकलली तर चालेल का?"

कौसाबाईचा चेहराच उतरला. "का वो बाई? काय झालं?"

"तसं काही नाही. पुन्हा एकदा मीटिंगमध्ये मांडावं म्हणते."

"बाई, चार दिस झालं ह्येंच्या पोटात थेंब नाय. काल नळ चालू व्हता ना, तर त्येचा आवाज ऐकून ह्ये..." ती थांबली. "पान्याच्या आवाजानं रडत्यात हो. ज्येंनी जलमभर दुसऱ्याला पानी पाजलं."

"तू गप गं," ते तिला म्हणाले. मग मला म्हणाले, "बाई, काल बारा डॉक्टर बसले व्हते ना?"

"हो."

"बाराच्या बाराजनांनी मिळून ठरवलं?"

"हो."

"मंग ते मोडू नका. आमच्याकडं कालव्यावर बी आसंच आसतं. पान्याच्या पाळ्या सगळ्यांनी बसून लावायच्या. कुनाला आवडो नायतर नावडो. पन एकदा लागली पाळी, का मोडायची नाय. एकानं मोडली का समद्यांचं बिघडतं. मी पस्तीस वर्सं कुनाची मोडू दिली न्हाय."

ती पाळी चुकीच्या कागदावरून लागली आहे, काका. तो कागद मी भरलाय. माझ्या आकड्यामुळे त्या बारा जणांना वाटलं तुम्ही खुर्चीतून उठत नाही. खरा आकडा कळला असता तर त्यांनी तुम्हाला बरं करायचा प्रयत्न केला असता, शंभरातले तीस तरी त्यातून वाचतात. आठवडाभर थांबा, तोवर नाकातल्या नळीतून पोटात पाणी जाईल.

हे सगळं माझ्या जिभेवर होतं. एवढंच बोलायचं होतं. पण हे त्यांना सांगितलं की मग मॅडमना सांगावं लागणार, आणि मंगळवारी सगळ्यांना. ते दोघं माझ्याकडे बघत होते, ती तर पदराचं टोक तोंडाशी धरून.

"बरं," मी म्हणाले. "उद्या सकाळी काही खाऊ-पिऊ नका."

"ते तर रईवारपासून पाळतोय!" ते म्हणाले, आणि शेजारच्या खाटेवरचे लोकसुद्धा हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून वाटते.

गुरुवारी जाळी बसली. संध्याकाळी बोर्डे सरांनी पॅसेजमध्ये गाठलं. "मॅडमशी बोललीस?"

"पेशंटच तयार झाला नाही, सर. जाळीच हवी म्हणाला."

सरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "असं म्हणाला?" एवढंच विचारलं आणि निघून गेले. मी खोटंही बोलले नव्हते, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

शुक्रवारी सकाळी राउंडला गेले तर खेमनर खाटेवर मांडी घालून बसले होते. हातात पाण्याचा पेला. अल्हाट सिस्टर, शेजारचे पेशंट, झाडणाऱ्या मावशी, सगळे जमून बघत होते. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले. घोट उतरला. पुन्हा एक. मग पेला संपेपर्यंत ते थांबलेच नाहीत. हनुवटीवरून थोडं पाणी ओघळलं, ते कौसाबाईने पदराने टिपलं. मग तिने थर्मासमधून दोन पेल्यांत चहा ओतला आणि दोघांनी तो एकमेकांकडे न बघता प्यायला. लाजल्यासारखे. नव्या लग्नाचे असावेत तसे.

मला पाहून ते खाली उतरले. त्या निळ्या चपला पायात सरकवल्या, मगच दोन पावलं पुढे आले. सिस्टरचा धाक. हात जोडले.

"बाई, तुमी आमचं नीट सांगितलंत बगा त्या मीटिंगमधी."

मी त्यांची फाईल हातात घेतली, सुट्टीचा कागद लिहिला. अक्षर इतकं वाकडं आलं की सिस्टरने तो परत लिहायला लावला.

ते घरी गेले. मी शिकून कॅन्सर सर्जन झाले, मग मोठी डॉक्टर झाले. आज मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात अशाच टेबलाशी बसते. आता चष्मा मी कपाळावर सरकवते आणि पोरं हातातले कागद चाळायला लागतात. "चालताना पाहिलंस?" मी विचारते. कुणी झटकन ‘हो मॅडम’ म्हणालं की मी केस तिथेच थांबवते, उठते आणि स्वतः वॉर्डात जाऊन त्या पेशंटबरोबर पॅसेजमध्ये एक फेरी मारते. बाकीचे घड्याळ बघत बसतात. मागे मला काय काय नावं ठेवतात तेही मला माहीत आहे. ठेवू देत.

पण सांगायचं होतं ते हे नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी, एका सोमवारी, ओपीडीच्या दारात कौसाबाई उभी होती. कपाळावर कुंकू नव्हतं. मला कळलं, तरी मी विचारलं, "काका?"

"आखाडात गेले," ती म्हणाली. मग पिशवीतून फाईल काढली. तीच, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. "ही द्यायची व्हती. वर लिवलंय ना, दवाखान्याची मालमत्ता म्हनून? ह्येंनी बजावून ठिवलं व्हतं, काम झालं का नेऊन दे. सरकारी कागद घरात ठिवायचा नाय."

मी फाईल घेतली. "फार त्रास झाला का शेवटी?"

"पडून नाय राहिले, बाई. शेवटचे पंधरा दिस काय ते. त्याच्या आदी रोज कालव्यावर. साहेब म्हनायचे, लहानू, तू रजेवर हायेस. तर ह्ये म्हनायचे, रजेवरच आलोय, नुस्तं बगायला. लोक म्हनायचे, ह्यो कसला आजारी?"

ती बोलत होती आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. निळ्या रबरी चपला, तिच्या पावलांना मोठ्या. टाचेकडचं रबर झिजून पार गेलं होतं, एका बाजूने तर पाय थेट फरशीला टेकत होता. तिने माझी नजर पाहिली.

"ह्येंच्याच हायेत. नव्या व्हत्या ना, तुमाला म्हाईत हाये. चार म्हयन्यात चाळन केली बगा."

मला वाटलं, आता सांगायचं. आता कुणी ओरडणार नाही, कुणी हसणार नाही, आता सांगितलं नाही तर मग कधी? मी तिचा हात धरला.

"मावशी, त्या मीटिंगमध्ये..."

"म्हाईत हाये, बाई." तिने माझ्या हातावर दुसरा हात ठेवला. तिला वाटलं मी तिची समजूत घालतेय. "त्याच मीटिंगच्या जिवावर उभी हाये मी. गावात एक मानूस गप बसत नाय. म्हनत्यात, मुंबैला न्यायला पायजे व्हता, मोठा विलाज करायला पायजे व्हता. धाकला दीर तर तेराव्याला सगळ्यांपुढं बोलला, वयनीनं हयगय केली, न्हायतर भाऊ चालता-बोलता मानूस व्हता. मला रातची झोप लागंना. मंग मी मनाला सांगती. बारा डॉक्टर बसले व्हते माज्या मानसासाठी. येक न्हाई, दोन न्हाई, बारा. दुसरं काय करता येन्यासारखं असतं तर त्या बारातल्या येकानं तरी म्हनलं असतं."

तिने माझा हात घट्ट दाबला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हो ना, बाई?"

मागे रांगेतले पेशंट ताटकळले होते. फाईल माझ्या काखेत होती, त्यात वरच तो फॉर्म होता, आणि त्या चौकटीत माझ्या अक्षरात तीन होतं.

"हो, मावशी," मी म्हणाले.